गिरणीचा भोंगा आणि पाळणा

आई कामावर गेली म्हणजे मागे मूल कोणी सांभाळावे, हा प्रश्न सुशिक्षित घरांतून हल्ली वारंवार ऐकू येतो. स्त्रिया पदव्या मिळवून कचेऱ्यांत जाऊ लागल्या, एकत्र कुटुंबे मोडली, आणि मग हा प्रश्न जन्मास आला, असा पुष्कळांचा समज आहे. इतिहास मात्र काही निराळेच सांगतो. आपल्या मुंबई शहरात हा प्रश्न शंभर वर्षांहून अधिक काळ रोज पहाटे गिरणीच्या भोंग्याबरोबर उठत असे. ज्यांच्यापुढे तो उभा राही त्या स्त्रियांस लिहिता येत नव्हते, त्यामुळे त्यांची कैफियत त्यांच्या हातची नाही. सरकारी चौकश्यांचे अहवाल, कायदेमंडळातील वादविवाद आणि कायद्यांची कलमे यांतूनच ती वेचून घ्यावी लागते. आजच्या भाषणात हीच कैफियत मी आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आपल्या देशातील बहुसंख्य स्त्रिया पूर्वीही कामच करीत होत्या. कोकणात भाताची लावणी, देशावर खुरपणी आणि कापणी, ही स्त्रियांवाचून कधीच झाली नाहीत. परंतु शेतावर काम करणारी बाई बांधावरच्या झाडाला झोळी बांधी, मूल तिच्या दृष्टीच्या टप्प्यात राही, आणि ते रडले की हातातले काम टाकून ती त्यास पाजू शके. काम आणि मूल या दोहोंचे वेळापत्रक तिच्याच हाती होते. गिरणीने ही सोय मोडली. कावसजी दावर यांच्या कंपनीची ताडदेव येथील गिरणी १८५६ साली सुरू झाली, आणि पुढच्या पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्यांचे जाळे पसरले. यंत्र कोणासाठी थांबत नाही. भोंगा झाला की फाटकात शिरावयाचे आणि सुटीचा भोंगा होईपर्यंत बाहेर पडावयाचे नाही, ही शिस्त आईच्या दुधाच्या वेळांशी जुळणारी नव्हती.

गिरण्यांतील कामगारांत १९२० च्या सुमारास साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता. त्यांपैकी बहुतेक रीळ आणि वायंडिंग या खात्यांत कामास असत, आणि त्यांच्यावर नायकीण नावाची स्त्री-मुकादम देखरेख करी. रत्नागिरी, सातारा, कुलाबा या जिल्ह्यांतून आलेले पुष्कळ कामगार आपली बायकामुले गावीच ठेवीत. तेव्हा ज्या स्त्रिया मुंबईत येऊन गिरणीत शिरल्या त्यांत विधवा, टाकलेल्या आणि नवऱ्याच्या पगारात ज्यांचे भागत नसे अशाच पुष्कळ होत्या. या खात्यांतील मजुरी कामाच्या मापावर मिळे. म्हणजे मुलाला पाजण्यासाठी अर्धा तास गेला, तर त्या अर्ध्या तासाची मजुरीही गेली. मूल रडले तर आईचे मन जाई खोलीकडे आणि हात राहत रिळावर, अशी ही स्थिती होती.

मग तान्ह्या मुलाचे करावयाचे काय? चाळीतील एका खोलीत राहणाऱ्या या बाईपुढे मार्ग मोजकेच होते. सासू किंवा आई गावाहून येऊन राहिली असेल तर ठीक. परंतु खोलीचे भाडे आणि एका माणसाचे पोट यांचा हिशेब तेथेही आड येई. चाळीतील एखादी म्हातारी दरमहा काही पैसे घेऊन दोनचार मुले सांभाळी. घरात सातआठ वर्षांची मुलगी असली तर धाकट्याला तिच्या कडेवर देऊन आई निघून जाई, आणि त्या दिवसापासून मुलीची शाळा संपे. यांपैकी काहीच नसले तर मूल गिरणीतच न्यावयाचे. तेथे यंत्रांच्या घरघराटात, उडणाऱ्या कापसाच्या तंतूंत, एखाद्या खोक्यात किंवा फडक्यावर ते दिवसभर पडून राही.

या सर्व मार्गांना जोडून आणखी एक उपाय होता, आणि तो सर्वांत घातक होता. तो म्हणजे अफू. बाजारात बाळागोळी या नावाने मुलांसाठी अफूमिश्रित गोळ्या विकत मिळत. आपल्या घरांतून वेखंड, जायफळ, मुरडशेंग वगैरे उगाळून जी गुटी देत, तिचा आणि या गोळीचा काही संबंध नव्हता. तथापि गोळीचे नाव आणि आकार इतके घरगुती होते की विष म्हणून ती कोणाच्या डोळ्यांवर येत नसे. सकाळी कामावर जाण्यापूर्वी गोळी दिली की मूल निपचित झोपे. दिवसभर राबून आलेल्या आईला रात्री झोप मिळावी म्हणून काही घरांत ती पुन्हा दिली जाई. मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स नावाच्या स्त्री-डॉक्टरने गिरणीतील स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी चौकशी केली. तिचा अहवाल १९२२ साली प्रसिद्ध झाला. गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांच्या शंभर तान्ह्या मुलांपैकी अठ्ठ्याण्णवांना अफू दिली जाते, असे तीत नमूद आहे.

अफूचा परिणाम कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे. अफूने मुलाची भूक मंदावते आणि कोठा बांधला जातो; दूध कमी पिल्यामुळे ते वाळत जाते. मात्रा थोडी चुकली तर श्वास मंद होऊन मूल दगावते. आणि गोळी एकाएकी बंद केली तर ते किरकिरते, त्याला जुलाब होतात. म्हणून आईला वाटते की गोळी हेच औषध, ती बंद केल्यानेच मूल आजारी पडले. अशा रीतीने एकदा सुरू झालेली गोळी सुटत नसे. यात आणखी एक विसंगती होती. ही अफू चोरून आणलेली नसे. अफूची विक्री सरकारी परवान्याच्या दुकानांतून होई आणि तिचे उत्पन्न सरकारी तिजोरीत जमा होई.

हे सर्व ऐकून गिरणीकामगार स्त्रियांस अडाणी किंवा निर्दय म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, आणि त्या काळी पुष्कळांनी तसे म्हटलेही. परंतु थोडे समुद्रापार पाहावे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील लँकेशायरच्या कापड-शहरांत हाच प्रकार चालू होता. तेथे ‘गॉडफ्रेज कॉर्डियल’ या नावाचे अफूमिश्रित गोड पेय मुलांना पाजीत, आणि मुले सांभाळणाऱ्या बायका ते सर्रास वापरीत. भाषा, धर्म, हवामान यांत काडीचेही साम्य नसलेल्या दोन देशांतील माता जर एकाच उपायाकडे वळल्या, तर त्याचे कारण त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा दोन्हीकडे सारख्याच असलेल्या गिरणीत आणि मजुरीत शोधणे अधिक सयुक्तिक होईल. मुंबईच्या बाईचा हिशेब सरळ होता. कामावर न जावे तर मूल उपाशी. कामावर जावे आणि मूल जागे राहावे तर ते रडून रडून आजारी पडेल, किंवा रांगत रांगत चुलीशी नाहीतर जिन्याशी जाईल. त्यापेक्षा ते झोपलेले बरे.

या हिशेबाची किंमत केवढी होती, हे आकड्यांवरून कळते. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेंहून अधिक बालमृत्यू नोंदले गेले. ज्या कुटुंबांना एकच खोली होती त्यांच्यात हे प्रमाण याहूनही भयंकर होते. येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. पुष्कळ स्त्रिया बाळंतपणासाठी गावी जात, म्हणून जन्माची नोंद गावी आणि मृत्यूची मुंबईत होई. त्यामुळे हा आकडा वस्तुस्थितीहून काहीसा फुगलेला आहे. ते वर्षही विशेष वाईट होते, आणि दशक संपता संपता प्रमाण निम्म्याखाली उतरले. तरी दर हजारी तीनशे हा आकडासुद्धा लहान नाही. आज आपल्या देशातील प्रमाण हजारी तीसच्याही आत आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या चाळींतून किती पाळणे रिकामे झाले असतील याची कल्पना येते.

आता कायद्याकडे वळू. १८८१ चा पहिला कारखाना-कायदा मुख्यतः बालकामगारांपुरता होता; स्त्रियांचा त्यात विचार नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीकामगारांची बाजू हाती घेतली, आणि २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत भरलेल्या कामगारांच्या प्रचंड सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी गिरणीकामगारांना रविवारची सुटी मिळाली. पुढे १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली. अकरा तास ही मर्यादा आज आपणांस मर्यादा वाटणारही नाही. परंतु आईचा दिवस कोठेतरी संपला पाहिजे, हे तत्त्व कायद्याने तेव्हा प्रथम मान्य केले.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. प्रसूतीच्या पूर्वी आणि नंतर सहा सहा आठवडे रजा, त्या काळात निर्वाहाची सोय, आणि कामावर आल्यावर मुलाला पाजण्यासाठी दिवसातून दोनदा अर्धा अर्धा तास, असा ठराव तीत झाला. हिंदुस्थान सरकारने तो स्वीकारला नाही. येथील परिस्थिती निराळी आहे, असे कारण सांगितले गेले. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूति-साहाय्याचे विधेयक आणले, तेही फेटाळले गेले. पुढे मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी असेच विधेयक मांडले, आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास पाठिंबा देणारे भाषण केले. प्रसूतीच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून हा भार पुष्कळ अंशी सरकारने उचलावयास हवा, हे त्यांनी मान्य केले. परंतु सरकार तो उचलीत नाही, आणि स्त्रियांच्या श्रमाचा लाभ मालकास होतो. तेव्हा मालकाने काही भार सोसणे न्याय्यच ठरते, असा त्यांचा युक्तिवाद होता. हे विधेयक संमत होऊन १९२९ चा मुंबई प्रसूति-साहाय्य कायदा झाला. त्याने दररोज आठ आणे साहाय्य ठरविले आणि प्रसूतीनंतर चार आठवडे बाईला कामावर घेण्यास बंदी केली. पाठोपाठ १९३० साली मध्यप्रांतातही असा कायदा झाला.

येथे या कथेतील सर्वांत विचार करण्याजोगा भाग येतो. साहाय्याची रक्कम सर्वस्वी मालकाच्या खिशातून जावयाची होती. त्यामुळे ज्या बाईला मूल होण्याचा संभव अधिक, तिला कामावर ठेवणे मालकाला महाग पडू लागले. काही ठिकाणी गरोदर बाईस आधीच काढून टाकण्यात येई, म्हणून बाया आपली अवस्था शक्य तितके दिवस लपवीत. लग्न झालेल्या तरुण स्त्रीस घेण्याऐवजी पुरुष घ्यावा किंवा प्रौढ विधवा घ्यावी, हा विचार बळावला. याच सुमारास गिरण्यांत काटकसरीच्या नव्या पद्धती आणि नवी यंत्रे आली, त्यांचाही परिणाम झाला. सर्व कारणे मिळून गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटत गेले, आणि स्वातंत्र्यकाळापर्यंत ते पूर्वीच्या जवळपास निम्म्यावर आले. आईला संरक्षण देणाऱ्या कायद्याने काही आयांची नोकरीच गेली. याचा अर्थ कायदा चुकीचा होता असा मी घेत नाही. भार कोणावर टाकावा हा प्रश्न डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली ज्या ठिकाणी बोट ठेवून दाखविला, तो अर्धवट सुटला, एवढाच याचा अर्थ आहे.

दुसरा उपाय पाळणाघराचा. युरोपात याची सुरुवात पॅरिस शहरी फर्मां मार्बो यांनी १८४४ साली केली. आपल्याकडे काही मोजक्या गिरण्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात आपल्या आवारात पाळणाघरे उघडली. परंतु अहवालकर्त्यांना आश्चर्य वाटले ते याचे, की पुष्कळ आया आपली मुले तेथे ठेवावयास तयारच नव्हत्या. दृष्ट लागेल, दुसऱ्या मुलांचा खोकला किंवा देवी आपल्या मुलाला लागतील, परजातीच्या बाईच्या हातचे दूध पाजतील, या शंका त्यांच्या मनात असत. शिवाय आया मूल रडत ठेवील की घेईल, याची खात्री काय? श्रोतेहो, यांतील जातीची शंका सोडली, तर बाकीच्या शंका आज मोटारीतून पाळणाघराच्या दाराशी उतरणाऱ्या आईच्या मनातही असतात. त्या शंकांना अडाणीपणा म्हणून उपयोग नाही. ज्या पाळणाघरांत आईला दिवसातून दोनदा येऊन मुलाला पाजता आले, ते अफूवाचून झोपलेले आणि स्वच्छ कपड्यांत दिसले, तेथे हळूहळू मुलांची संख्या वाढली. विश्वास उपदेशाने उत्पन्न झाला नाही, तो पाहण्याने उत्पन्न झाला.

१९३४ च्या कारखाना-कायद्याने, पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवण्याचा नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. १९४८ च्या कायद्याने पाळणाघर ही मालकाची सक्तीची जबाबदारी ठरविली, आणि १९७६ साली पन्नासांची मर्यादा तीसवर आणली. यातही एक पळवाट होती. तीसच्या वर एकही बाई न घेतली की पाळणाघराचा खर्च वाचे. स्त्रियांच्या संख्येवर आधारलेली सोय ही स्त्रियांची संख्या कमी ठेवण्यास उत्तेजन देते, हा १९२९ चाच धडा पुन्हा गिरविला गेला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची केली, आणि पाळणाघराची अट स्त्रियांच्या संख्येवर न ठेवता पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या संस्थेस लावली. स्त्रीपुरुष सर्व मिळून पन्नास, हा छोटासा बदल दिसतो. परंतु मूल हे एकट्या आईचे नाही, हे कायद्याच्या भाषेत त्यामुळे प्रथमच आले. रजेचा पगार मात्र पुष्कळ ठिकाणी अजून मालकाच्याच माथी आहे. विम्याच्या मार्गाने तो भार वाटून घेण्याची सोय १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने केली, ती ठरावीक पगाराच्या आतील नोकरांपुरती.

कारखान्याबाहेरच्या स्त्रीचे काय, हा प्रश्न या सर्व कायद्यांनी बराच काळ बाजूस ठेवला. इमारतींच्या पायथ्याशी वाळूच्या ढिगावर खेळणारी मुले पाहून मीरा महादेवन यांनी १९६९ साली दिल्लीत फिरती पाळणाघरे सुरू केली, आणि ती पुढे मुंबईपुण्यासही आली. रोजंदारीवरील स्त्रीलाही प्रसूतिरजेचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्लीच्या महानगरपालिकेच्या खटल्यात दिला.

आणि धाकट्याला कडेवर घेऊन घरी राहणारी ती थोरली बहीण? तिचा विचार प्रथम नीट केला तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर ते चालू ठेवले. आदिवासी वस्तीत त्यांना असे दिसले की मोठी मुले शाळेत येत नाहीत, कारण ती लहान भावंडांना सांभाळीत असतात. त्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकट्याला पाळण्यात ठेवावे, मधल्याला बालवाडीत बसवावे, आणि थोरलीने पाटी घेऊन आपल्या वर्गात जावे. एका सोयीने आईचे काम, मुलाचे संगोपन आणि मुलीची शाळा ही तिन्ही साधली. त्यांच्या अंगणवाडीचे नाव १९७५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविकास योजनेने देशभर नेले. परंतु अंगणवाडी ही दिवसातून काही तासच चालते, आणि आईचे काम दिवसभर चालते. मधली पोकळी बहुधा अजूनही थोरली बहीण, आजी किंवा शेजारीणच भरून काढते.

या इतिहासातून आपल्या घरांनी काय घ्यावे? एक तर, कामावर जाणारी आई मुलाला पाळणाघरात ठेवून निघते तेव्हा तिच्या मनास जी टोचणी लागते, ती तिच्या एकटीचा दोष समजू नये. ती टोचणी परळच्या चाळीतही होती, आणि तेथे तिच्यावर उपाय म्हणून एका गोळीशिवाय काही मिळत नव्हते. गोळी सुटत गेली तसे तिच्या जागी विश्रांतीची मुदत, दूध पाजण्याचा वेळ, स्वच्छ खोली आणि भरवशाचे माणूस हळूहळू आले. हे सर्व लोकांनी मागितले म्हणून मिळाले, आणि ज्या स्त्रियांना ते अद्याप मिळालेले नाही त्यांची संख्या मोठी आहे. आपल्या घरी सकाळी येऊन आपल्या मुलांचे दूध तापविणारी, त्यांना आंघोळ घालणारी जी बाई असते, तिचे स्वतःचे तान्हे त्या वेळी कोणापाशी असते, हा प्रश्न आपण तिला एकदा तरी विचारावा. बहुधा उत्तर येईल, ‘थोरलीपाशी’. त्या थोरलीची शाळा किती वाजता भरते, हे मग आपणच पाहावयास हवे.